सावित्रीच्या खाडीने आलेली सुवार्ता

कोकण रेल्वेचा उत्तरेकडचा पहिला टप्पा 1993 साली रोह्यापासून वीरपर्यंत सुरू झाला आणि महाड-पोलादपूरच्या चाकरमान्यांची आगगाडी त्यांच्या दारापर्यंत आली. त्याआधी कित्येक शतके या मुलखाचा हमरस्ता होती सावित्री. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी पोलादपूरवरून महाडला येते, दासगावाशी तिची खाडी होते, आणि आंबेत-म्हाप्रळ मागे टाकून ती बाणकोटला समुद्राला मिळते. भरतीच्या पाण्यावर गलबते आत शिरायची, ओहोटीबरोबर बाहेर पडायची. महाड हे घाटमाथा आणि समुद्र यांच्यामधले नाके होते. पोलादपूरवरून पार घाटाने वर चढले की थेट देशावर जाता येई.

या वाटेने लष्करे गेली, व्यापारी गेले, पळून जाणारा पेशवाही गेला. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांकडून पुण्याजवळ मार खाल्ल्यावर दुसरा बाजीराव महाडला येऊन राहिला होता आणि इथूनच पुढे समुद्रमार्गे वसईला गेला. त्यानंतर वीस-एकवीस वर्षांनी याच खाडीच्या मुखाशी एक स्कॉटिश माणूस उतरला. त्याच्याकडे ना फौज होती, ना व्यापाराचा परवाना. येशू ख्रिस्ताची सुवार्ता इथल्या लोकांना इथल्या भाषेत सांगावी, एवढ्यासाठी तो आला होता. त्याचे नाव रेव्हरंड डोनाल्ड मिचेल. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने हिंदुस्थानात पाठवलेला तो पहिला मिशनरी.

बाणकोटच का?

मिचेलच्या मनात होते पुणे. पेशव्यांची राजधानी, शास्त्री-पंडितांचे शहर, मराठी मुलखाचे हृदय. पण 1823 मध्ये पुण्यात इंग्रजी अंमल येऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मोठे सावध गृहस्थ. पेशवाई बुडाल्यावर लोकांच्या धर्मात आणि चालीरीतींत हात घालणार नाही, असा भरवसा त्यांच्या सरकारने दिलेला होता. पुण्यात मिशनरी बसला तर तो भरवसा डळमळेल, अशी भीती सरकारला वाटत होती. परवानगी मिळाली नाही.

मग नजर वळली कोकणाकडे. बाणकोटचा किल्ला कमोडोर जेम्सने 1755 मध्ये घेतला होता. इंग्रजांनी त्याचे नाव ठेवले फोर्ट व्हिक्टोरिया. पुढच्याच वर्षी पेशव्यांशी तह झाला आणि बाणकोटबरोबर आसपासची काही गावे कंपनीकडे आली. वीरहून महाडकडे निघाले की जे दासगाव लागते, ते त्यातलेच एक. म्हणजे पेशवाई संपण्याच्या साठ वर्षे आधीपासून सावित्रीच्या काठाला कंपनी सरकारची सवय होती. पुण्यात जे नाजूक वाटत होते, ते बाणकोटात चालण्यासारखे होते. सरकारने तिथे आडकाठी केली नाही.

मिशनरी म्हटला की कंपनी सरकारच्या पालखीत बसून आलेला माणूस, असा आपल्याकडे समज आहे. सुरुवातीच्या काळाला तो लागू पडत नाही. 1813 पर्यंत कंपनीच्या मुलखात धर्मप्रचारकाला मोकळेपणाने पाऊल ठेवता येत नव्हते. व्यापाराला आणि राज्याला धोका नको, हे कंपनीचे धोरण. 1813 च्या सनदेने दार किलकिले झाले. पण कुठे राहायचे, कुठे नाही, हे अजून अधिकाऱ्यांच्या मर्जीवर होते.

डोनाल्ड मिचेलला हे सारे ठाऊक होते. पाळकाच्या घरात वाढलेला हा माणूस पूर्वी कंपनीच्या लष्करात अधिकारी म्हणून हिंदुस्थानात राहून गेलेला होता. श्रद्धेने मनाची पकड घेतली आणि त्याने लष्कराची नोकरी सोडली. ज्या देशात तलवार कमरेला लावून हिंडला, त्याच देशात तो पुस्तक घेऊन परत आला. त्याला पाठवणारी स्कॉटिश मिशनरी सोसायटी 1796 मध्ये एडिंबरात स्थापन झाली होती. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेत परदेशी धर्मप्रसाराचा प्रश्न आला, तेव्हा बहुमताने तो बाजूला सारला गेला. डॉ. जॉन एर्स्किन यांच्यासारख्या वृद्ध धर्मोपदेशकाने बायबल मागवून घेऊन त्याच्या आधाराने बाजू मांडली, तरी सभा बधली नाही. चर्चने अधिकृतपणे हे काम अंगावर घ्यायला आणखी जवळजवळ तीन दशके जावी लागली. म्हणजे मिचेल बाणकोटला आला तेव्हा त्याच्या पाठीशी त्याचे सरकार नव्हते आणि त्याचे संपूर्ण चर्चही नव्हते. होती ती वर्गणीवर चालणारी एक छोटी संस्था आणि स्वतःची खात्री.

ती खात्री फार लवकर कसाला लागली. कामाला पुरते एक वर्षही झाले नव्हते, तोच नोव्हेंबर 1823 मध्ये पोलादपूर इथे त्याचा मृत्यू झाला. शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी ज्या गावात आहे, तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ ज्या गावाच्या पंचक्रोशीत आहे, त्या घाटाच्या पायथ्याशी हा परका माणूस गेला. मागे शाळांचे जाळे नव्हते, मंडळी नव्हती. भाषा पुरती हाताशी यायलाही त्याला वेळ मिळाला नव्हता.

एकाच्या मागून दुसरा

इथे हे प्रकरण संपले असते, तर कुणाला नवल वाटले नसते. पण डोनाल्ड मिचेलच्या पाठोपाठ जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन कूपर आणि जॉन स्टिव्हन्सन हे तरुण कोकणात येऊन दाखल झाले. पहिला सोबती गेल्याची बातमी पचवून त्यांनी बाणकोटला बिऱ्हाडे थाटली. दक्षिणेला हर्णैलाही ठाणे उभे केले. सुवर्णदुर्गाच्या समोरचे हे बंदर बाणकोटपेक्षा हवेशीर आणि वस्तीने भरलेले.

त्यांना धीर द्यायला एक उदाहरण मुंबईतच होते. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना इंग्लंडला परत धाडण्याचा हुकूम निघालेला होता. त्यात अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात लढाई पेटलेली. त्यामुळे शत्रूदेशाची माणसे म्हणूनही त्यांच्यावर डोळा. दोघे गलबताने कोचीनपर्यंत निसटले आणि पुन्हा पकडून आणले गेले. हॉलने गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना पत्रे लिहिली. सरकारी हुकुमाच्या वर एक हुकूम असतो आणि त्याला बांधलेला माणूस आपणहून मागे फिरू शकत नाही, हा त्याचा मुद्दा होता. नेपियन स्वतः बायबल सोसायटीचे पुरस्कर्ते. त्यांनी वेळकाढूपणा करत हुकूम लांबवला आणि अखेर परवानगी आली.

परवानगी मिळाली म्हणून लगेच कोणी ऐकायला येत नव्हते. अमेरिकन मंडळींच्या हातून पहिला बाप्तिस्मा झाला तो 1819 मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. कादर यार खान नावाच्या हैदराबादच्या एका मुसलमान गृहस्थाचा. हॉलने त्या वर्षांत मराठी शिकून घेतली, सहकाऱ्यांबरोबर नव्या कराराचे भाषांतर केले, देवळांच्या आवारात, बाजारात, तळ्याकाठी माणसे गाठली. 1825 मध्ये त्याने आपल्या बायकोला आणि मुलांना प्रकृतीसाठी अमेरिकेच्या जहाजात बसवून दिले आणि स्वतः मागे राहिला. एक मुलगा वाटेतच गेला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तो नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला फिरतीवर असताना तिथे पटकीची साथ होती. जवळचे औषध संपेपर्यंत त्याने रोग्यांना वाटले, आणि परतीच्या वाटेवर दोडी-दापूर इथे त्याच रोगाने 20 मार्च 1826 रोजी तो वारला. वय चाळीस-बेचाळीसचे. त्याच वर्षी मराठी नवा करार मुंबईत छापून पुरा झाला.

पोलादपूर 1823, दोडी-दापूर 1826. दोन्ही ठिकाणी माणूस वाटेत गेला आणि काम तिथे थांबले नाही.

खाडीकाठची शाळा

बाणकोट-हर्णैच्या मंडळींनी केले काय? पहिले म्हणजे भाषा शिकली. आज ही गोष्ट सोपी वाटते. तेव्हा मराठीचे नीट व्याकरण आणि पुरेसा कोश परक्या माणसाला मिळणे मुश्कील. बंगालात श्रीरामपूरच्या विल्यम कॅरींनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठीचे व्याकरण 1805 मध्ये आणि छोटा कोश 1810 मध्ये छापला होता. पण तो आधार दूरचा; कॅरी स्वतः कधी मराठी मुलखात राहिले नव्हते. मोल्सवर्थचा थोरला कोश यायला 1831 साल उजाडणार होते. शिवाय लिपी दोन: छापायला बाळबोध, रोजच्या व्यवहाराला मोडी. आणि कोकणात बोली तर दर दहा कोसांवर वेगळी. तेव्हा पंडित ठेवायचा, सकाळी त्याच्यापाशी बसायचे, संध्याकाळी बाजारात जाऊन शिकलेले शब्द वापरून पाहायचे आणि लोक हसले की उमजायचे, कुठे चुकले ते.

दुसरे काम शाळांचे. त्या काळच्या गावात शाळा म्हणजे एखाद्याच्या ओटीवर किंवा देवळाच्या पडवीत बसणारे पंतोजी. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, पाढे-परवचे म्हणायचे, मोडी वाचायला आले की मूल हिशेबाला लागले. मिशनने गावोगाव अशाच शाळा काढल्या. पंतोजी बहुधा गावातलेच, बहुधा ब्राह्मण. फरक पडला तो छापील पुस्तकांमुळे. मुलांच्या हाती पहिल्यांदाच स्वतःच्या भाषेतले छापलेले वाचन आले, आणि त्यात शुभवर्तमानातल्या गोष्टीही होत्या. बेने इस्राएल या ज्यू समाजाची मुलेही मिशनच्या शाळांत मोठ्या संख्येने आली. शनिवारी तेल न काढणारे म्हणून कुलाब्यात शनिवार तेली या नावाने ओळखला जाणारा हा समाज शतकानुशतके कोकणात राहत होता. आपल्याच पूर्वजांचा ग्रंथ मराठीत वाचायला मिळणे हा त्यांच्यासाठी मोठाच प्रसंग होता. पुढे याच मिशनमध्ये आलेल्या जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले, ते त्यांच्यासाठीच. बेने इस्राएल त्यामुळे ख्रिस्ती झाले नाहीत. ते अधिक जाणते ज्यू झाले. शिकवणाऱ्यांना हे दिसत होते, तरी त्यांनी शिकवणे आखडते घेतले नाही.

तिसरे काम पायपिटीचे. पावसाळा सरला की गावे घ्यायची. चावडीवर, वडाच्या पारावर, बाजाराच्या दिवशी माणसे जमतील तिथे उभे राहायचे. कोणी ऐके, कोणी वाद घाली, कोणी नुसते गोऱ्या माणसाच्या तोंडून मराठी ऐकायला थांबे.

स्टिव्हन्सन यांचे मराठीवर मन जडले. 1833 मध्ये त्यांनी मराठी व्याकरणाचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि पुढे संस्कृतात शिरून 1842 मध्ये सामवेदसंहितेचे इंग्रजी भाषांतर केले. ज्या ग्रंथांशी आपला मतभेद आहे ते आधी मुळातून वाचले पाहिजेत, ही शिस्त त्यांनी पाळली. डोंगरातल्या लेण्यांमधले शिलालेख वाचण्याचा खटाटोपही त्यांनी केला.

1827 मध्ये आला रॉबर्ट नेस्बिट. वय चोवीस. सेंट अँड्र्यूजला तो अलेक्झांडर डफचा सहाध्यायी होता. डफ तीन वर्षांनी कलकत्त्याला गेला आणि जगभर गाजला. नेस्बिट हर्णैला आला आणि कोकण्यांची मराठी ऐकत बसला. त्याने भाषा इतकी आत्मसात केली की त्याच्या बोलण्यातून परकेपण जवळजवळ निघून गेले. मुंबई इलाख्यातल्या युरोपीय माणसांत मराठी बोलावी तर नेस्बिटने, असे त्याचे समकालीन मानत. त्याने प्रबंधांचे ढीग रचले नाहीत. तो बोलत असे, शिकवत असे आणि ऐकत असे.

फेब्रुवारी 1829 मध्ये जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट मुंबईत उतरली आणि भाषा शिकण्यासाठी कोकणात हर्णैला आली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईला गेली, तेव्हा दोघांनाही मराठीत काम करता येत होते. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. मुलीला अक्षर शिकवले तर ती विधवा होते, असे मानणाऱ्या काळात घरोघर जाऊन त्यांनी मुली गोळा केल्या. सहा वर्षांत त्यांची प्रकृती खचली आणि एप्रिल 1835 मध्ये त्या गेल्या. मागे विल्सन चाळीस वर्षे मुंबईतच राहिले. त्यांच्या आंब्रोळीच्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती 1857 मध्ये निघाली, तिला मराठी भाषेविषयीचे विवेचन जोडले तेही विल्सन यांनीच.

हाती काय लागले?

बाप्तिस्म्याच्या हिशेबाने पाहिले तर बाणकोट-हर्णैच्या वर्षांत फारसे काही हाती लागले नाही. 1830 च्या दशकाच्या सुरुवातीला कोकणातली ठाणी मोडून कामाचा भर पुणे आणि मुंबईवर आणण्यात आला. सावित्रीकाठी दहा-अकरा वर्षे घालवून ही मंडळी निघून गेली. 1835 मध्ये त्यांचे काम स्कॉटलंडच्या चर्चने आपल्याकडे घेतले. 1796 मध्ये ज्या महासभेने हा प्रश्न बाजूला सारला होता, तिनेच.

जो जिथे कमी पडला तिथून दुसऱ्याने उचलले, असे या माणसांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसते. डोनाल्ड मिचेलला नाकारले गेलेले पुणे आता उघडले होते. स्टिव्हन्सन आणि जेम्स मिचेल तिथे गेले. स्टिव्हन्सन पुढे कंपनीच्या चाकरीत पाळक झाले, पण जेम्स मिचेल पुण्यातच राहिले. हिंदुस्थानातली त्यांची एकूण सेवा चाळीस वर्षांच्या वर गेली. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत 1841 मध्ये एक माळ्याचा मुलगा इंग्रजी शिकायला आला आणि 1847 पर्यंत शिकला. त्याचे नाव जोतीराव गोविंदराव फुले. दुसऱ्याच वर्षी त्याने भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनऱ्यांविषयी त्यांनी कृतज्ञतेने लिहिले, त्यांच्या शाळेत शिकवलेही, आणि आपली वाट मात्र स्वतः पाडली. ती 1873 मध्ये सत्यशोधक समाजापर्यंत गेली. ज्यांनी पेरले त्यांनी या पिकाची कल्पनाही केली नव्हती. तरी पेरणाऱ्याच्या श्रमाचा त्यात वाटा आहे, हे सांगायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

मुंबईत मात्र वादळे उठली. विल्सन यांनी 1830 पासून शास्त्रीपंडितांना जाहीर चर्चेला बोलावले. मोरभट दांडेकर यांनी 1831 मध्ये हिंदुधर्मस्थापना लिहून उत्तर दिले, आणि विल्सन यांनी त्यावर प्रत्युत्तर छापले. त्या काळच्या मराठी गद्याला धार आली ती अशा वादांतूनही.

तोवर मुंबईला आलेल्या नेस्बिट यांच्यावरही बाका प्रसंग आला. 1843 मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या आश्रयाला आला. मुलगा अज्ञान म्हणून वडिलांनी कोर्टात धाव घेतली. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांच्यासमोर खटला चालला आणि श्रीपतला वडिलांच्या हवाली करण्यात आले. घरच्या माणसांचे दुःख खरे होते. मुलाचा हट्टही खरा होता. पुढे श्रीपतला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर सनातन्यांच्या रोषाला न जुमानता उभे राहिले. एका बाजूला कोकणात मराठी शिकलेला नेस्बिट, दुसऱ्या बाजूला कोकणातल्या पोंभुर्ल्याचा बाळशास्त्री. दोघांच्याही वागण्यात आपल्या म्हणण्याची किंमत मोजायची तयारी दिसते.

त्याच 1843 साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. चर्चच्या कारभारात जमीनदारांची आणि सरकारची ढवळाढवळ नको, म्हणून शेकडो पाळक बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढले. हिंदुस्थानातले स्कॉटिश मिशनरी त्यांच्याबरोबर गेले. याचा अर्थ, मुंबईत मोठ्या कष्टाने उभी केलेली इमारत, ग्रंथ, उपकरणे सारे सोडून द्यावे लागले. वीस वर्षांच्या मेहनतीनंतर भाड्याच्या जागेत पुन्हा श्रीगणेशा. नेस्बिट यांनी तिथेही शिकवणे चालू ठेवले. 1855 मध्ये मुंबईत पटकीने त्यांचा अंत झाला.

त्यांच्या शेवटच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांत बेळगावचा एक कासार तरुण होता: बाबा पदमनजी. 1854 मध्ये त्याने बेळगावला बाप्तिस्मा घेतला. घर, जात, आप्त यांच्याशी झालेली ती ताटातूट त्याने पुढे अरुणोदय या आत्मचरित्रात 1884 मध्ये लिहून ठेवली. विधवांच्या हालअपेष्टांवरचे त्याचे यमुनापर्यटन 1857 मध्ये आले, आणि मराठीतल्या पहिल्या कादंबऱ्यांत त्याची गणना होते.

शिरवलीचा संन्यासी आणि चौपाटी

याच 1857 सालच्या पहिल्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर आठवड्याला गर्दी लोटत होती. एका बाजूला होते विष्णुबोवा ब्रह्मचारी. मूळ नाव विष्णू भिकाजी गोखले, जन्म 1825 चा, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातल्या शिरवलीचा. म्हणजे वीरच्या शेजारचा मुलूख. लहानपणीच वडील गेले, पोटासाठी सरकारी जकात खात्यात नोकरी केली, ऐन तारुण्यात ती सोडून सप्तशृंगीच्या डोंगरात तप केले आणि वैदिक धर्माची बाजू लोकांपुढे मांडायला ते मुंबईत आले. दुसऱ्या बाजूला जॉर्ज बोवेन आणि त्यांचे सहकारी. बोवेन अमेरिकेचा, 1848 मध्ये मुंबईत आलेला. त्याने मिशनचा पगार सोडून दिला, एतद्देशीयांच्या वस्तीत अगदी साधेपणाने राहिला आणि बॉम्बे गार्डियन हे पत्र चालवले. तो 1888 मध्ये मरेपर्यंत एकदाही मायदेशी परत गेला नाही.

वाळूवर उभे राहून प्रश्न विचारले जात, उत्तरे दिली जात. देव एक की अनेक, पाप कशाने फिटते, येशू कोण, वेद कोणाचे. जानेवारीत सुरू झालेली ही सभा मे महिन्यात थांबली. देशभर उठावाचे वारे सुटले होते. बोवेनने या चर्चांचा वृत्तान्त इंग्रजीत त्याच वर्षी प्रसिद्ध केला. विष्णुबोवांच्या बाजूनेही पुढे मराठीत वादविवाद छापला गेला, आणि 1859 मध्ये त्यांचा वेदोक्त धर्मप्रकाश बाहेर आला. नोकरी सोडलेला संन्यासी आणि पगार सोडलेला मिशनरी. दोघांचेही मत पालटले नाही, पण दोघांनी एकमेकांना भर सभेत ऐकून घेतले. ज्याला दुसऱ्याला काही मनापासून सांगायचे असते त्याने दुसऱ्याचेही मनापासून ऐकावे लागते, हे त्या पाच महिन्यांत मुंबईकरांनी पाहिले. हजारो माणसे जमूनही हा प्रश्न शब्दांनीच हाताळला गेला, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटायला हवा.

मराठी माणसांच्या हाती

नेस्बिट, विल्सन, बोवेन यांच्या पिढीनंतर सुवार्ता सांगण्याचे काम हळूहळू मराठी माणसांकडे आले. नारायण शेषाद्री जालन्याकडे गेले. गावकुसाबाहेरच्या मांग कुटुंबांत त्यांनी आयुष्य घातले आणि जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. बाबा पदमनजी पुण्यात फ्री चर्चचे पाळक झाले. 1906 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांची लेखणी चालू राहिली आणि त्यांच्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या शंभरावर गेली.

आणि मग कोकणातलाच एक कवी. नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 मध्ये तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. 1893 च्या सुमारास आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. नुसते पुस्तक; त्या प्रवाशाचे नावही टिळकांना ठाऊक झाले नाही. दोन वर्षांनी, फेब्रुवारी 1895 मध्ये, मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्या धक्क्याने माहेरच्या माणसांत जाऊन राहिल्या. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. त्यांनी वाट पाहिली. लक्ष्मीबाई परतल्या, स्वतःच्या बुद्धीने प्रश्नाशी झगडल्या आणि 1900 मध्ये आपल्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. त्यांची स्मृतिचित्रे वाचणाऱ्याला हे सारे त्यांच्याच तोंडून कळते.

टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाचा आणि कीर्तनाचा सूर दिला. परदेशी चालीत गाणाऱ्या मंडळीला त्यांनी टाळ-मृदंगाजवळ आणले. 1917 मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्यात यावेत, अशी त्यांची इच्छा होती. ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते. मे 1919 मध्ये ते गेले तेव्हा ते अपुरे होते. लहानपणी शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे अध्याय लिहून ते पुरे केले.